नहलाल: सगळ्यांनी सगळ्यांना जामीन राहिलेलं गाव

सोसायटीच्या कर्जप्रकरणात जामीनदाराचा रकाना सगळ्यात शेवटी भरला जातो. गटसचिव म्हणून काम केलं तेवढी वर्षं मी तो रकाना भरताना माणसांचे चेहरे पाहत आलो. कर्जदार टेबलापाशी उभा असतो, जामीनदार बाकाच्या कडेला टेकलेला असतो, आणि पेन हातात घेतल्यावर तो एकदा मान वर करून कर्जदाराकडे बघतो. याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, पोरगं रानात राबतं का, मागच्या साली ऊस कारखान्याला गेला की गुऱ्हाळाला, हे सगळं त्याला ठाऊक असतं. म्हणून तो सही करतो. ठाऊक नसलं की "पुढच्या खेपेला बघू" म्हणत उठतो.

इस्रायलमधल्या नहलाल या गावाची माहिती वाचायला घेतली तेव्हा मी या एका सहीसाठी अडकून पडलो. 1921 साली वसलेल्या या गावात 80 कुटुंबांनी ठरवलं होतं, की प्रत्येक घर बाकीच्या सगळ्या घरांना जामीन राहील. शेत ज्याचं त्याचं, गोठा ज्याचा त्याचा, चूल ज्याची त्याची, पण कर्ज सगळ्यांचं. हे कसं जमलं, किती काळ जमलं आणि कुठे तुटलं, ते या प्रकरणात मांडतो आहे. सहकाराच्या वह्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना यातलं बरंचसं घरचं वाटेल.

किबुत्झही नको, जमीनदारीही नको

नहलाल वसवणारे बहुतेक लोक पूर्व युरोपातून, रशियन साम्राज्यातल्या गावाशहरांतून आलेले ज्यू होते. पॅलेस्टाइन तेव्हा नुकतंच ओटोमन तुर्कांकडून ब्रिटिशांच्या हाती आलं होतं. यातल्या अनेकांच्या पाठीशी तिथल्या दहा-बारा वर्षांच्या मजुरीचा अनुभव होता. काहीजण देगानियातून आले होते. देगानिया हा पहिला किबुत्झ, म्हणजे सगळं सामाईक असलेली वसाहत: जेवण सामाईक, कमाई सामाईक, मुलं वाढवण्याची जबाबदारीही सामाईक. ती व्यवस्था पटली नाही म्हणून ते बाहेर पडले. श्मुएल दायान त्यांपैकी एक. त्यांचा मुलगा मोशे, पुढे इस्रायलचा सेनापती आणि संरक्षणमंत्री झालेला, देगानियात 1915 साली जन्मला आणि नहलालमध्ये वाढला.

दुसऱ्या बाजूला जुन्या ज्यू वसाहती होत्या. तिथे जमीन खाजगी होती, आणि मालक हळूहळू देखरेख करणारा होऊन बसला होता. काम स्वस्त अरब मजूर करत. नव्या पिढीच्या या लोकांना तेही मान्य नव्हतं. हातात कुदळ धरायला म्हणून देश सोडून आलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कुदळीवर जगायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

या दोन्हींच्या मधली वाट एलिएझर योफे या शेतकऱ्याने 1919 साली एका पुस्तिकेत मांडली. योफे काही वर्षं अमेरिकेत शेती शिकून आले होते. त्यांनी सांगितलेली चौकट थोडक्यात अशी. जमीन कुणा शेतकऱ्याच्या मालकीची नाही, ती ज्यू राष्ट्रीय निधी या जमीन विकत घेणाऱ्या संस्थेची. शेतकऱ्याला ती भाडेपट्ट्याने मिळेल. शेतात घरचीच माणसं राबतील, मजूर लावायचा नाही. अडचणीतल्याला बाकीचे हात देतील. आणि खरेदी-विक्री सगळी गावाच्या सोसायटीतून होईल. या प्रकारच्या गावाला त्यांनी नाव दिलं मोशाव ओव्दिम, कष्टकऱ्यांची वस्ती. नहलाल हे त्याचं पहिलं उदाहरण. तीन महिन्यांनी, डिसेंबर 1921 मध्ये, दुसरं गाव उभं राहिलं, कफार येहेज्केल.

दलदलीखालच्या नळ्या

11 सप्टेंबर 1921 रोजी पहिली तुकडी इज्रेलच्या खोऱ्यात पोचली आणि टेकडीवर तंबू ठोकून राहिली. खाली मुक्काम करण्याची सोयच नव्हती. झऱ्यांचं पाणी सखल भागात साचून दलदल झाली होती, आणि दलदलीत डास. हिवतापाने माणसं अंथरुणाला खिळायची. क्विनाइन हा त्या वर्षांतला रोजचा घास होता. इथे माणूस टिकत नाही, अशीच त्या जागेची ख्याती होती.

त्यांनी दलदल काढली ती नुसते चर खणून नाही. उघडा चर गाळाने भरतो, त्यात पुन्हा पाणी थांबतं आणि डास परत येतात. म्हणून चरांमध्ये भाजलेल्या मातीच्या नळ्या बसवल्या आणि वरून माती लोटली. जमिनीत मुरलेलं पाणी नळ्यांच्या जोडांतून आत उतरायचं आणि उताराने बाहेर वाहून जायचं. वर नांगर फिरवायला जमीन मोकळी. कोल्हापूर-सांगलीकडच्या क्षारपड जमिनीत आज सच्छिद्र पाइप टाकून पाणी काढतात. तत्त्व तेच.

हे काम एकट्यादुकट्याचं नव्हतं, आणि गावाची घडण समजून घ्यायची तर हा मुद्दा सोडून चालत नाही. नळीला उतार लागतो. तुमच्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानाखालून जातं, त्याचं त्याच्या शेजाऱ्याच्या. मध्ये एकाने खणायचं सोडलं, किंवा चार बोटं उथळ खणलं, तर वरचे सगळे पाण्यात. सहकाराची पोटनियमांची वही लिहिण्याआधी या लोकांनी तो जमिनीत गाडून पाहिला होता. त्यातच एखाद्या घरातला माणूस तापाने पडला, की त्याच्या गायींची धार शेजारी काढून द्यायचे आणि पेरणी उरकून द्यायचे. परस्पर मदत हा शब्द त्यांच्या कागदावर होता खरा, पण त्याचा अर्थ त्यांनी हिवतापात शिकून घेतला.

सुरुवातीला तंबू, मग लाकडी झोपड्या. पक्की घरं व्हायला वर्षं लागली.

वर्तुळ

गावाचा आराखडा रिखार्ड काउफमान या वास्तुरचनाकाराचा. फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेला हा माणूस 1920 साली पॅलेस्टाइनला आला. त्याने नहलाल वर्तुळात बसवलं, आणि ते वर्तुळ आजही आकाशातून जसंच्या तसं दिसतं.

मधोमध गावाची सामाईक जागा: शाळा, सभागृह, भांडार, दूध जमा करण्याची जागा. त्याभोवती आतल्या कड्यात शेती न करणारे गावकरी, म्हणजे शिक्षक, डॉक्टर, कारागीर. त्याबाहेर गोल रस्ता आणि रस्त्याच्या बाहेरच्या अंगाला शेतकऱ्यांची घरं. प्रत्येक घराच्या मागे अंगण, अंगणामागे गोठा आणि कोंबड्यांचं खुराडं, आणि त्यामागे शेत, बाहेर रुंद होत गेलेलं. बैलगाडीच्या चाकाला आरे असतात तसं, फक्त दोन आऱ्यांमधली फट म्हणजे एकेकाचं रान. प्रत्येक कुटुंबाला सुमारे 100 दुनाम, म्हणजे आपल्या हिशेबाने 25 एकरांच्या आसपास जमीन. त्यातली काही घरामागे, काही लांब.

या आकाराची तारीफ वास्तुशास्त्राच्या पुस्तकांतून खूप झाली आहे. मला त्यात वेगळंच दिसतं. कुणाचंही घर चौकापासून दुसऱ्यापेक्षा लांब नाही, म्हणजे दूध घालायला जाणाऱ्याला लांबचा-जवळचा भेद नाही. पाटलाचा वाडा नाही, वेशीबाहेरचं घर नाही. आणि शेजाऱ्याचा गोठा आपल्या अंगणातून दिसतो. त्याची गाय आटली, त्याचा चारा संपत आला, तो चार दिवस उठलाच नाही, हे सांगायला कुणी लागत नाही. जामीनदाराने मान वर करून बघण्याची जी गोष्ट मी सुरुवातीला सांगितली, ती या गावात रोज सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी आपोआप घडत होती.

वर्तुळाला एक उणीवही आहे, आणि ती मोठी आहे. वर्तुळ वाढत नाही. रांगेतल्या गावाला शेवटी आणखी दहा घरं जोडता येतात. गोल रस्त्याला एक्याऐंशीवं घर कुठे जोडणार? शिवाय गोल रस्ता, नळ, तारा यांचा खर्चही जास्त. पुढच्या बहुतेक मोशावांनी म्हणूनच हा आकार घेतला नाही.

खातं

आता वहीकडे येतो. सोसायटीत प्रत्येक कुटुंबाचं एक खातं. दूध, अंडी, भाजी, फळं जे काही पिकेल ते गावाच्या सोसायटीत घालायचं. त्याचे पैसे खात्यावर जमा. बी, खत, पशुखाद्य, औजारं सोसायटीतून उचलायची, ते नावे. पाण्याचे, शाळेचे, दवाखान्याचे, गावकराचे पैसेही त्याच खात्यातून वजा. ऊसबिलातून सोसायटीची वसुली परस्पर कापून घेतली जाते ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. नहलालची रीत तशीच, पण सगळ्या मालाला लागू.

गावाच्या वरती मोठ्या संस्था. 1916 साली उभी राहिलेली हामाश्बीर माल पुरवणारी, आणि 1926 साली कामगार संघटनेने उभारलेली त्नूवा माल विकणारी. त्नूवाच्या सुरुवातीच्या धुरीणांत तेच एलिएझर योफे होते. म्हणजे साखळी अशी: गोठा, गावची सोसायटी, त्नूवा, हैफा-तेल अवीवचं गिऱ्हाईक. मधला दलाल गळाला.

शेती मिश्र ठेवली, हाही खात्याशी जोडलेला निर्णय होता. एकट्या गव्हावर किंवा एकट्या संत्र्यावर राहणाऱ्या शेतकऱ्याला हंगामात मजूर लागतो आणि बाकी वर्ष हात रिकामे. गाय, कोंबडी, चारा, भाजी, फळझाडं असं सगळं थोडं थोडं असलं की घरच्या माणसांना बारा महिने काम, आणि खात्यावर दर आठवड्याला काहीतरी जमा. दुधासाठी त्यांनी त्या भागातल्या गायींवर हॉलंडकडच्या फ्रिजियन वळूंचा संकर केला. आज दुधाच्या उताऱ्यासाठी ज्या इस्रायली होल्स्टिन गायीचं नाव घेतलं जातं, तिची वंशावळ अशा प्रयोगांपर्यंत जाते.

या सगळ्याचा भार बायकांवर किती होता, ते मात्र स्पष्ट लिहायला हवं. किबुत्झमध्ये स्वयंपाकघर, धुलाई, मुलं सामाईक होती. मोशावमध्ये आईकडे मूल परत आलं, आणि त्याबरोबर चूल, धुणं, कोंबड्या, भाजीचा वाफा आणि पहाटेची धारही. मुलींना शेतीचं रीतसर शिक्षण देण्यासाठी हाना मैसेल यांनी नहलालमध्येच शाळा काढली. दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उतरून पकडली गेलेली आणि 1944 साली बुडापेस्टमध्ये मारली गेलेली हाना सेनेश या शाळेत दोन वर्षं शिकली होती.

एकच वारस

आपल्याकडच्या वाचकाला सगळ्यात जड जाणारा नियम हा. जमीन राष्ट्रीय निधीची, पट्टा 49 वर्षांचा, नूतनीकरण होणारा. पट्ट्याचं तुकडीकरण नाही. बापानंतर शेत एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे जाणार. हिब्रूत त्याला 'बेन मम्शिख' म्हणतात, पुढे चालवणारा. बाकीच्या भावंडांनी शिकायचं, दुसरीकडे जायचं, हवं तर नव्या मोशावात नवं शेत घ्यायचं.

मुंबई प्रांताने तुकडेबंदीचा कायदा 1947 साली केला. कायदा कागदावर राहिला आणि वाटण्या बांधावर होत राहिल्या. कृषिगणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र 1970-71 साली 4.28 हेक्टर होतं, 2015-16 साली ते 1.34 हेक्टरवर आलं. नहलालचे पंचवीस एकर मात्र चार पिढ्यांनंतरही पंचवीस एकर.

हे ऐकायला छान वाटतं. पण प्रत्येक घरात एक जण राहिला याचा अर्थ प्रत्येक घरातून दोघं-तिघं गेले. कुणी राहायचं हे ठरवताना घरोघरी काय झालं असेल, ते भावकीचा वाद पाहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आपण जमीन तोडून भाऊ धरून ठेवतो, त्यांनी जमीन धरून भाऊ पाठवून दिले. दोन्हीकडे काहीतरी तुटलंच. मला विचाराल तर शेतीच्या हिताचा निर्णय त्यांचाच होता, आणि तो पेलला कारण धाकट्याला जायला जागा होती: नवी गावं वसत होती, शहरं वाढत होती.

आधी तिथे कोण होतं

जायला जागा कुठून येत होती, हा प्रश्न टाळून नहलालचं प्रकरण पुरं करता येणार नाही. खोऱ्यातली मोठी जमीन बैरुतच्या सुरसोक या सावकार-जमीनदार घराण्याच्या नावावर होती. ज्यू संस्थांनी ती रीतसर पैसे मोजून विकत घेतली. पण कसणारे सुरसोक नव्हते. कसत होती ती अरब कुळं, आणि मालक बदलल्यावर त्यांचं कसणं संपलं. कूळकायद्याआधी आपल्याकडे कुळांच्या नशिबी जे येत होतं तेच इथेही झालं, फरक एवढाच की इथे नव्या मालकांना कुळंच नको होती. 'स्वतःच्या हाताने कसायचं' हे तत्त्व, ज्याचा मी वर आदराने उल्लेख केला, त्याची ही दुसरी बाजू.

मोशे दायान यांनी 1969 साली हैफाच्या तंत्रज्ञान संस्थेतल्या विद्यार्थ्यांपुढे हे उघडपणे सांगितलं होतं: आपली गावं अरब गावांच्या जागी उभी राहिली, नहलाल महलूलच्या जागी उभं राहिलं, आणि जुनी नावं तुम्हाला माहीतही नाहीत. जवळच्या टेकड्यांतलं माअलूल हे गाव 1948 च्या युद्धात रिकामं झालं. गावाच्या पायाशी हे आहे, आणि गावाच्या कष्टाची गोष्ट सांगताना हेही त्याच गोष्टीत सांगायला हवं.

नमुना पसरतो

1948 नंतर इस्रायलमध्ये लाखो निर्वासित आले: युरोपातल्या छावण्यांतून, इराक, येमेन, मोरोक्कोतून. त्यांना वसवायला सरकारला तयार साचा हवा होता, आणि तो नहलालने दिला. किबुत्झसाठी विचारसरणी पक्की लागते; मोशावमध्ये कुटुंब घेऊन उतरता येतं. 1949 ते 1956 या काळात सुमारे अडीचशे मोशाव वसवले गेले. 1954 पासून 'जहाजातून थेट गावात' अशी योजनाच होती. माणूस बंदरात उतरला की ट्रकमध्ये, आणि ट्रक थांबेल तिथे त्याचं शेत.

यातल्या एका गावाशी भारताचं नातं आहे. नेगेव्हच्या वाळवंटात, बीरशेबाजवळचं नेवातिम हे गाव 1954 साली कोचीच्या ज्यूंनी नव्याने वसवलं. केरळच्या पाणथळ गावांतून आलेली, मसाल्याचा, मासळीचा, किरकोळ व्यापार करणारी ही माणसं. त्यांना पाऊस नसलेल्या मातीत शेती शिकायची होती. आज तिथे त्यांच्या वारशाचं संग्रहालय आणि केरळी वळणाचं सिनेगॉग आहे. आपल्या कोकणातले बेने इस्रायल मात्र बहुतांशी दिमोना, बीरशेबा, लोद, अशदोद अशा शहरांकडे गेले.

नहलाल आणि ही नवी गावं यांच्यात एक मोठा फरक होता. नहलालच्या लोकांनी एकमेकांना निवडलं होतं. बरोबर मजुरी केली होती, बरोबर ताप काढला होता. नव्या गावांत एकाच ट्रकमधून उतरलेले लोक होते, कधी एका देशाचे, कधी चार देशांचे, आणि शेती बहुतेकांनी केलेली नव्हती. जुन्या मोशावांतली तरुण मंडळी तिथे शिकवायला गेली, वर्ष-दोन वर्षं राहिली, मनापासून राबली. पोटनियम तेच दिले. जामीनही तोच, सगळ्यांनी सगळ्यांना. पण तो जामीन त्यांनी एकमेकांकडे पाहून दिलेला नव्हता, वरून आलेल्या कागदावर तो छापून आला होता.

1985

सत्तरच्या दशकापासून साखळी लांबली. गावच्या सोसायट्यांनी मिळून प्रादेशिक खरेदी संघ केले. संघ बँकेकडून पैसे उचलायचे, सोसायट्यांना उधारीवर माल द्यायचे, सोसायटी सभासदांना. सभासद सोसायटीला जामीन, सोसायट्या एकमेकींना जामीन, संघ बँकेला. इज्रेल खोऱ्यातला दूधवाला दूरवरच्या, कधी न पाहिलेल्या फूलउत्पादकाच्या शेडला जामीन होऊन बसला, आणि त्याला ते माहीतही नव्हतं.

त्यात महागाई. 1984 साली इस्रायलमध्ये महागाईचा दर 400 टक्क्यांच्या घरात पोचला. अशा काळात रोख धरून ठेवणारा वेडा ठरतो. कर्ज काढून शेड बांधणारा, यंत्र आणणारा शहाणा दिसतो. जुलै 1985 मध्ये सरकारने महागाई रोखण्याचा कडक कार्यक्रम आणला. पुढच्याच वर्षी ती 20 टक्क्यांच्या आसपास आली. व्याजाचे दर मात्र तितक्या वेगाने उतरले नाहीत. काल जे व्याज महागाईत विरघळून जात होतं ते आज दगडासारखं अंगावर आलं. त्याच वेळी सरकारी मदतही आखडली. खरेदी संघ एकामागून एक कोसळले.

आणि मग जामीन चालू झाला. ज्यांनी कर्ज घेतलंच नव्हतं, ज्यांचं खातं वर्षानुवर्षं जमेत होतं, त्यांच्या नावावर दुसऱ्यांची थकबाकी चढली. यावर शेतकऱ्याने जे केलं ते जगात कुठलाही शेतकरी करेल. त्याने माल बाहेर घालायला सुरुवात केली. सोसायटीत दूध-भाजी घातली तर पैसे दुसऱ्याच्या कर्जात कापले जाणार; मागच्या दाराने व्यापाऱ्याला दिली तर रोख हातात. चांगल्या सभासदाने माल बाहेर घातला की सोसायटीचा गल्ला आटतो, उरलेल्यांवर बोजा वाढतो, मग तेही बाहेर घालतात. ऊस पळवापळवीच्या वर्षी आपल्या सोसायट्यांची वसुली कशी कोसळते ते मी टेबलापलीकडून पाहिलं आहे. पुस्तकात तो आकडा असतो. समोर बसलेल्या माणसाच्या बाबतीत ते लाजेने खाली घातलेलं डोकं असतं.

माझ्या एका मावसभावाने शहरातल्या एका पतसंस्थेत मित्राच्या मित्राला जामीन म्हणून सही केली होती. त्या माणसाचा धंदा कुठे होता, हेही त्याला माहीत नव्हतं. वसुलीची नोटीस आली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला तो हाच: "हा राहतो कुठे?" मोशावांतल्या हजारो घरांनी त्या काळात हाच प्रश्न विचारला असणार.

सात वर्षं घोळ चालला. 1992 साली गेदालिया गाल या मोशावमधूनच आलेल्या खासदाराच्या पुढाकाराने कायदा झाला. बँकांनी थेट जप्ती करायची नाही. स्वतंत्र अधिकारी नेमायचा, त्याने प्रत्येक शेतकऱ्याचं आणि सोसायटीचं कर्ज तपासायचं, व्याजावरचं व्याज काढून टाकायचं, खरी फेड किती होऊ शकते ते ठरवायचं आणि उरलेलं सोडायचं. या अधिकाऱ्याला हिब्रूत 'मेशाकेम' म्हणतात, पुन्हा उभं करणारा. ती प्रकरणं पुढे कित्येक वर्षं रेंगाळली. दरम्यान बहुतेक मोशावांनी नवे करार केले आणि सगळ्यांनी सगळ्यांना जामीन राहण्याची अट निघाली.

या मोडतोडीचं कारण अनेकांनी सहकाराच्या माथी मारलं. माझं मत वेगळं आहे. 80 घरांच्या वर्तुळात हा जामीन साठ वर्षं टिकला, आणि तो टिकला तो माणसं थोर होती म्हणून नव्हे. शेजाऱ्याचा गोठा दिसत होता, त्याचा हिशेब सभेत वाचला जात होता आणि त्याला वेळेवर टोकता येत होतं. खरेदी संघात यातलं काहीच उरलं नव्हतं. तिथे जबाबदारी पुढे ढकलत नेली, माहिती मात्र गावातच राहिली. सभासदाला नाही म्हणण्याची जागाच ठेवली नाही. जामीनदाराच्या हातातून पेन काढून घेऊन त्याची सही छापून टाकली, तिथे ही व्यवस्था मोडली.

आता

राज्यही बदललं, बाजारही. मजूर न लावण्याचा नियम 1967 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर हळूहळू ढिला पडला. आधी पॅलेस्टिनी अरब मजूर आले, नव्वदच्या दशकापासून थायलंडचे. त्नूवातला मोठा हिस्सा 2008 मध्ये एका युरोपीय गुंतवणूक कंपनीकडे गेला आणि काही वर्षांनी तिथून चीनच्या ब्राइट फूडकडे. दलाल गाळण्यासाठी शेतकऱ्यांनी काढलेल्या संस्थेची ही वाट वाचताना मला वाईट वाटलं.

मोशावांत आता शेती थोड्या घरांकडे एकवटली आहे. एकजण पाच-सात जणांची रानं कसतो, बाकीचे नोकरीला शहरात जातात. जुन्या गोठ्याची कुठे कार्यशाळा झाली आहे, कुठे सुट्टीच्या, म्हणजे तिकडच्या शुक्रवार-शनिवारच्या, पाहुण्यांची खोली. नहलालमध्ये गायी अजून आहेत. शिमरोनच्या टेकडीवर गावाचं कब्रस्तान आहे. तिथे मोशे दायान आहेत आणि 2003 मध्ये कोलंबिया अवकाशयानाच्या अपघातात गेलेले इस्रायली अंतराळवीर इलान रामोनही.

आणि ज्या नियमाला कुणी हात लावत नव्हतं त्यालाही अलीकडे वाट काढून दिली आहे. इस्रायलच्या भूमी प्राधिकरणाच्या निर्णयांमुळे आता शुल्क भरून मोशावच्या धारणेतून घरापुरता एक तुकडा वेगळा काढता येतो. दुसऱ्या मुलाला तो मिळतो. शेत वारसाचंच राहतं, पण दुसऱ्याला गावात परत येऊन भिंती उभ्या करता येतात. त्याच्या खिडकीतून भावाचा गोठा दिसतो.